गाळा नातीला, गोष्ट अर्धी

मी खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, गल्लीत सगळे मला शिलाईकाकू म्हणतात. हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने करते आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही, तशी कोणाची छातीही झालेली नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता म्हणून विचारलं. मी सांगितला, तर खात्री करायला त्यांनीच भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दाखला मात्र मला दिला.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. यातले कायद्याचे शब्द वकीलबाईंचे आहेत, बाकीचे माझे. त्या म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्र थोडक्यात असावं." मी म्हटलं, "आयुष्य थोडक्यात झालं नाही, त्याला मी काय करू?" याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कपाटाच्या मागून ऐन वेळी दुसरा कागद निघाला, तर तो मालिकेतला समजावा, माझा नव्हे.

कलम १. माझी माणसं.
थोरली मुलगी, शाळेत मुख्याध्यापिका आहे. धाकटा मुलगा, मोबाइल दुरुस्त करतो. त्याची बायको, म्हणजे माझी सून. आणि थोरलीची एकुलती एक मुलगी, माझी नात, ती टीव्हीच्या मालिका लिहिते. नवरा वारला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याचं सविस्तर पाचव्या कलमात येईल. घाई करू नये.

कलम २. घर.
दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, संडास-न्हाणीसह, धाकटा मुलगा व सून या दोघांना समान हक्काने देत आहे. नुसत्या मुलाच्या नावावर करणार नाही. सून लग्न होऊन आल्यापासून माझ्या जिभेखाली राहिली आहे, त्याचं काही तरी तिच्या पदरात पडायला हवं. कानातलेही तिलाच. त्या दोघांना मूलबाळ नाही. त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. माझ्या चांगुलपणाचा एवढा एकच पुरावा मी स्वतःहून पुढे करते.

कलम ३. बँकेतली ठेव.
अंत्यविधीचा खर्च वजा करून जे उरेल ते थोरली आणि धाकटा यांनी निम्मंनिम्मं घ्यावं. अंत्यविधी साधा करावा. माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये. जिवंतपणी कोणी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नाही, मेल्यावर कशाला.

कलम ४. हत्यारं आणि सामान.
पायमशीन, तिचं टेबल, दोन्ही इस्त्र्या आणि बॉबिनचा डबा माझ्याकडे काजेबटणं करणाऱ्या बाईला द्यावा. नातीला मशीन देत नाही. तिला साधं बटण लावता येत नाही, ती मशीनवर कुंडी ठेवेल.

मोजपट्टी धाकट्या दिराला द्यावी. "बाईमाणसाने दुकान उघडलं की घराचं दार बंद होतं," असं तो चार माणसांत बोलला होता आणि नंतर आयुष्यभर शर्ट माझ्याकडूनच शिवून नेले. पट्टी जीभ मोजायला उपयोगी पडेल. याखेरीज त्याला काहीही देत नाही.

टीव्ही समोरच्या इस्त्रीवाल्याला द्यायचा होता, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई म्हणतात. मी त्याला विचारलं, "टीव्ही हवा की मान?" तो मान म्हणाला. टीव्ही किती जुना आहे हे त्याला माहीत आहे. तेव्हा टीव्ही दुकानातच राहू द्यावा.

कलम ५. नवऱ्याची हकीकत.
हे कलम कशाला, असं वकीलबाईंनी विचारलं. पुढच्या कलमांचा पाया यावर आहे, म्हणून. शिवाय माझ्या माघारी ही गोष्ट जो तो आपल्या मापाने कापेल. तेव्हा खरी कशी होती ते लिहून ठेवते.

नवरा कटर होता. कापड त्याने कापायचं, मी शिवायचं, असं आमचं दुकान. थोरली आठ वर्षांची आणि धाकटा रांगून नुकता उभा राहिलेला, तेव्हा नवरा एका गिऱ्हाईक बाईबरोबर दुसऱ्या गावी निघून गेला. भांडण झालं नव्हतं. सकाळी चहा प्याला, कपबशी विसळून ठेवली आणि गेला. कपबशी विसळली तेव्हाच मला संशय यायला हवा होता, एरवी तो कधी विसळत नसे.

मी कापायला शिकले. पहिले चार शर्ट वाया गेले, ते धाकट्याने मोठा झाल्यावर वापरले.

नऊ वर्षांनी एका दुपारी तो दुकानाच्या दारात उभा राहिला. हातात एक पिशवी. मी बाही जोडत होते. बाही अर्ध्यात सोडली तर झोल येतो, म्हणून आधी ती पुरी केली. मग त्याला म्हटलं, "आत टेबलावर सहा शर्ट कापायचे पडलेत." त्याने पिशवी खाली ठेवली आणि कापायला लागला. झालं ते एवढंच. गल्ली कान टवकारून बसली होती, तिची निराशा झाली.

मी त्याला घर दिलं नाही, काम दिलं. तो पोटमाळ्यावर झोपायचा. महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. मरेपर्यंत असंच चाललं. नात मला नेहमी विचारते, "आजी, मग तू त्यांना माफ केलंस की नाही?" पगारी माणसाला माफ करावं लागत नाही. वेळेवर आला की झालं.

कलम ६. मालिकेबद्दल.
मला संध्याकाळी टीव्ही लावून शिवायची सवय आहे. सरळ शिलाईचं काम त्या वेळेला राखून ठेवते, म्हणजे डोळा कापडावर आणि कान टीव्हीवर. प्रसंग जमला की माझा पाय मशीनवर थांबतो. मी थांबवत नाही, तो आपला थांबतो. नात लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची, कापायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. तिथून तिला पडदा दिसत नसे, माझा पाय दिसे. कुठलं बोलणं खरं आणि कुठलं फुसकं, हे ती त्यावरून शिकली. पुढे ती मालिका लिहायला लागली, तरी लिहिलेली पानं इथे आणून मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता खाली बघायची.

एकदा वाचताना एक भाऊ दुसऱ्याला म्हणाला, "तू माझा सख्खा धाकटा भाऊ आहेस, आणि बाबा गेल्यापासून हा कारखाना आपण दोघंच चालवतोय."
मी म्हटलं, "याला भ्रम झालाय का?"
"नाही गं. प्रेक्षकांना कळायला नको?"
"प्रेक्षकांना कळलं, भाऊ वेडा आहे."
तिने ते पान फाडलं. पोरगी कष्टाची आहे.

मग तिची स्वतःची मालिका आली. शिवणकामाचं दुकान चालवणारी एक बाई, तिला एक मुलगा, नवरा टाकून गेलेला. गोष्ट माझी होती, माझ्या परवानगीने. ज्या संध्याकाळी तो नवरा दारात उभा राहिला, त्या संध्याकाळी दुकानात बसायला जागा नव्हती. नटीने बाही पुरी केली. मग म्हणाली, "आत सहा शर्ट पडलेत." दुकानात कोणी हूं की चूं केलं नाही. एक गिऱ्हाईक बाई झगा न्यायला आली होती, ती तो तसाच विसरून घरी गेली. संगीत नाही, विजा नाहीत, कोणाचा चेहरा तीनतीनदा दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका मला विचारायला आल्या, की ती आता त्याला जेवायला वाढेल का. पुढे काय घडणार हे लोकांना नको होतं. ती काय करेल हे हवं होतं. या दोन्हींत फरक आहे आणि तो लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

मालिका गाजली आणि तिथेच घात झाला. चॅनेलचा साहेब दुकानात आला, खऱ्या आजीला भेटायला म्हणून. माणूस वाईट नव्हता, शर्ट मात्र खांद्यात उतरत होता.
"आजी, ही मालिका अजून तीन वर्षं चालवायची आहे."
"गोष्ट तर संपत आली."
"वाढवता येते हो."
मी त्याला शाळेच्या गणवेशाची शिलाई उलटून दाखवली. "ही आत माया सोडली आहे ना, तेवढाच कपडा वाढतो. पोर त्याच्या पुढे वाढलं तर नवीन शिवावा लागतो. याला ओढलं तर फाटेल."
तो हसला. "आजी, लोकांना रडायला आवडतं."
"मग कांदे वाटा."
नात माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. नोकरी तिची होती, कबूल आहे.

वाढवा म्हणाले, तिने महिनाभर वाढवून बघितलं. मग तो परत आलेला नवरा नसून नवऱ्याचा जुळा भाऊ आहे, असं लिहायला सांगितलं. तिने नाही म्हटलं आणि बाहेर पडली. तिच्या जागी पाच जण बसवले. नटी तीच, दुकान तेच, मशीनसुद्धा तेच, माझ्याच ओळखीच्या माणसाकडून नेलेलं. फक्त लिहिणारे बदलले. जुळा आला, स्मरणशक्ती गेली, विष आलं, विषाचा पेला बदलला गेला. ती बाई शिवायची बंद झाली. वर्षभर तिने सुईत दोरा ओवला नाही, नुसती दाराआड उभी राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची. एवढं दाराआड उभं राहणारीचं दुकान चालेल का? दुकानात संध्याकाळी येणारी गर्दी आटली. शेवटी मी आणि इस्त्रीवाला दोघंच उरलो, तोही झोप लागते म्हणून यायचा. मालिका बंद पडल्यावर लोक म्हणाले, नटी थकलेली दिसायला लागली. थकेल नाही तर काय. माणसाने काही केलं की थकवा येतो, तसा काही न केल्यानेही येतो.

नातीचं मात्र हट्टी म्हणून नाव झालं. तेव्हापासून तिला धड काम मिळालेलं नाही. दुसऱ्यांच्या मालिकांत निनावी दुरुस्त्या करते आणि तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते.

कलम ७. गाळा.
तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा, पोटमाळ्यासह, मी माझ्या नातीला देत आहे. ही माझी स्वतःच्या कमाईची मिळकत आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा वारसाहक्क नाही. पुढचा अर्धा भाग काजेबटणवाल्या बाईने रीतसर भाड्याने चालवावा. मागच्या अर्ध्यात नातीने बसून लिहावं. भाडं येत राहील, म्हणजे कोणी जुळा भाऊ लिहायला सांगितला तर तिला नाही म्हणता येईल. नाही म्हणायला अक्कल पुरत नाही, पाठीला भिंत लागते.

धाकटा म्हणतो, गाळा विकावा किंवा त्याला मोबाइलसाठी द्यावा. त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. तो रागावेल, आठ दिवस बोलणार नाही, मग सून त्याला समजावेल.

तिने चांगलं लिहिलं तरच गाळा तिचा, अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "चांगलं कोणी ठरवायचं, आजी? कोर्ट?" कोर्टात मशीन नाही. अट काढून टाकली.

कलम ८. माझी गोष्ट.
नातीला तीच गोष्ट पुन्हा लिहायची आहे. या वेळी छोटी, शेवट आधी ठरवून. त्यासाठी माझ्या आयुष्यात जे घडलं ते लिहिण्याची, त्यात फेरफार करण्याची आणि ते दाखवण्याची पूर्ण परवानगी मी तिला या मृत्युपत्राने देत आहे. माझ्या इतर वारसांनी घराच्या अब्रूचं नाव काढून तिला अडवू नये. अब्रू माझी होती, ती मीच सांभाळली. तुम्ही तेव्हा शाळेत होतात.

फेरफार करताना एवढं पाळावं. मला चांगली दाखवू नये. नवऱ्याला वाईट दाखवू नये, तो उत्तम कटर होता. मरताना मी कोणाचा तरी हात धरून एखादं गुपित सांगितलं, असं दाखवू नये. माझ्याकडे गुपित नाही. असतं तर एव्हाना बोलून गेले असते.

कलम ९. जे मी देऊ शकत नाही.
नवरा परत आला त्या दुपारी दुकानात आणखी एक माणूस होतं. थोरली, सतरा वर्षांची, मागच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होती. धाकटा शाळेत होता. नवरा कापायला लागल्यावर थोरली बाहेर आली. तिने काय केलं ते मी पाहिलं आहे, नवऱ्याने पाहिलं होतं, आणि तिला ठाऊक आहे.

पहिल्या मालिकेच्या वेळी थोरलीने लेकीला बजावलं होतं, "मला यातून वगळ." म्हणून मालिकेतल्या बाईला मुलगी नव्हती. आता नात म्हणते, मुलीशिवाय गोष्ट लंगडी पडते. ते खरं आहे. त्यावरून मायलेकींत वाजलं. थोरली म्हणाली, "माझ्यावर एक ओळ लिहिलीस तर माझ्या दारात येऊ नकोस." तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. एक माझ्याकडे सोमवारी येते, दुसरी गुरुवारी, आणि दोघी माझ्या गुडघ्याचीच चौकशी करतात.

नातीने मुलीचा प्रसंग लिहून मला वाचून दाखवला. मुलगी धावत येते, बाबा म्हणून गळ्यात पडते. माझा पाय चालूच. तिने दुसऱ्यांदा लिहिला, मुलगी हातातलं पुस्तक बापाच्या अंगावर भिरकावते. पाय चालू. तिसऱ्यांदा मुलगी दाराआड उभी राहून बघते. मी म्हटलं, "ही त्या पाच जणांची मुलगी झाली."
ती रडकुंडीला आली. "आजी, तू तिथे होतीस ना? काय झालं ते सांग की."
"होते."
"मग?"
"आईला विचार."
"आई बोलत नाही माझ्याशी."
"मग लिहायचं कसलं घेऊन बसलीस? आधी बोलणं सुरू कर."
"तू सांगितलंस तर सुटेल गं सगळं."

सुटणार नाही. मी सांगितलं तर प्रसंग चांगला होईल, पाय थांबेल, गल्ली गप्प होईल, आणि थोरली टीव्हीसमोर बसून ते बघेल, तिच्या हातून कोणी तरी काढून नेल्यासारखं. म्हणून स्पष्ट लिहिते की, माझी थोरली मुलगी त्या दुपारी जे वागली आणि जे बोलली, ते माझी मिळकत नाही. वकीलबाईंनीच मला शिकवलं, जे आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. ते माझ्याबरोबर जाईल. नातीला हवं असेल तर तिने ते आईकडून मागून घ्यावं, आणि आईने नाही म्हटलं तर लंगडी गोष्ट लिहावी. लंगड्या गोष्टीही चालतात. चोरीचं पाऊल मात्र लगेच ओळखू येतं.

कलम १०. आज सकाळी जे झालं.
हे मृत्युपत्रात बसत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, दाबून बसवा.

कच्चा कागद मी थोरलीला वाचायला दिला. ऱ्हस्वदीर्घ बघायला, असं सांगितलं. ती लाल पेन काढून बसली. पहिल्या आठ कलमांत तिने माझ्या इतक्या चुका काढल्या की मला वाटलं ही मला पुन्हा चौथीत बसवते. दिराच्या जिभेवर काट मारायला निघाली होती, मी हात धरला. नवव्या कलमावर पेन थांबलं. तिने ते वाचलं, मग वरपासून पुन्हा वाचलं. एकही चूक काढली नाही, आणि त्यात चुका होत्या.

मान वर करून म्हणाली, "तू तिला खरंच सांगितलं नाहीस?"
"नाही."
"तिने विचारलं तरी?"
"तीनदा विचारलं."
पेनाचं टोपण लावत ती म्हणाली, "तिला म्हणावं, रविवारी दुपारी ये. सकाळी मला कामं असतात."
मी म्हटलं, "मी का सांगू? फोन तुझ्याकडेही आहे."
"आई, तू ना."
"काय मी?"
ती फोन घेऊन जिन्यात गेली आणि दार ओढून घेतलं. मी दारापाशी गेले नाही. मशीनवर बसून वकीलबाईंना हे सांगितलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. खाली मी माझ्या हाताने सही करत आहे. अंगठा नाही, सही.

(सही) शिलाईकाकू

आमच्यासमोर सही केली, तेव्हा त्या शुद्धीवर होत्या आणि आम्हाला बोलत होत्या:
साक्षीदार १. (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
साक्षीदार २. (सही) इस्त्रीवाला, समोरचं दुकान

ठिकाण: दुकान, मागची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४